ईव्ही घेऊन खरंच किती वाचले? बिलं घेऊन या

घरात लग्नकार्य असो की सोसायटीची सभा, ईव्हीचा, म्हणजे विजेवरच्या गाडीचा विषय निघाला की एक जण म्हणतो, "किलोमीटरला सव्वा रुपया!" आणि दुसरा म्हणतो, "बॅटरी गेली की कळेल." दोघांनीही कधी वही उघडलेली नसते. म्हणून हा धागा. गाडी कुठलीही असो, निदान दोन वर्षं वापरलेली हवी, आणि आकडे स्वतःच्या खिशातले हवेत. विमा, टायर, सर्व्हिस, चार्जर बसवण्याचा खर्च, विकताना मिळालेली किंमत, सगळं चालेल. सुरुवात माझ्यापासून.

कोथरूड, पुणे. नेक्सॉन ईव्ही, सप्टेंबर २०२१

राज्याचं ईव्ही धोरण नुकतंच आलं होतं. रस्ता कर माफ, वर लवकर घेणाऱ्यांना अडीच लाखांपर्यंत सवलत. ती धरूनही तशाच पेट्रोल गाडीपेक्षा पावणेदोन लाख जास्त गेले. आजवर ६२,००० किलोमीटर झाले. चार्जरला वेगळा मीटर लावल्यामुळे आकडा पक्का आहे: घरी ९,००० युनिट, बाहेर सुमारे १,३००. म्हणजे युनिटला सहा किलोमीटर. गाडीचा पडदा सात दाखवतो, पण चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज तो धरत नाही आणि बिल मात्र तिचंही येतं. घरची वीज ९० हजार, बाहेरची २६ हजार. याच अंतराला १४ च्या अ‍ॅव्हरेजने आणि १०५ च्या भावाने पेट्रोल ४ लाख ६५ हजारांचं लागलं असतं.

इथपर्यंत सगळे टाळ्या वाजवतात. आता पुढचं. सर्व्हिसमध्ये मेव्हण्याच्या तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ३७ हजार वाचले. विम्यात ३२ हजार जास्त गेले. (थर्ड पार्टी हप्त्यात ईव्हीला १५ टक्के सूट असते, पण गाडीची किंमतच मोठी, त्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा भाग ती सूट गिळून टाकतो.) ४१,००० ला चारही टायर बदलले, ३८ हजार. मेव्हण्याचे अजून मूळचेच आहेत. वजन जास्त आणि सिग्नल सुटला की पाय दाबायची माझी खोड, दोन्ही कारणं आहेत. ब्रेकपॅड मात्र अजून पहिलेच.

गोळाबेरीज केली तर आज मी १ लाख ४० हजारांनी पुढे. पण मागच्या महिन्यात सहज म्हणून दोन्ही गाड्यांची किंमत काढली. मेव्हण्याला साडेसात लाख, मला सव्वासहा. म्हणजे आज विकली तर चार वर्षांची कमाई पंधरा हजार. त्यामुळे विकत नाही. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर आहे, तेवढी तर वापरणारच.

डोंबिवली. पेट्रोल, २०१८

मी रोज लोकलने जातो. गाडी म्हणजे रविवारची डी-मार्ट, वर्षातून दोनदा चिपळूण आणि सासऱ्यांचा दवाखाना. वर्षाला ४,००० किलोमीटर, २६ हजारांचं पेट्रोल. मुलगा ईव्हीच्या मागे लागलाय. फरक चार लाखांचा, वर्षाला वाचणार वीस हजार. वीस वर्षांनी वसूल होईल, तेव्हा मी ८१ चा असेन. ठेवीचं व्याज बरं.

नाशिक. आधी सीएनजी, अडीच वर्षांपासून ईव्ही

धंदा ठिबक सिंचनाच्या साहित्याचा. नाशिक, मालेगाव, धुळे, कधी साक्री. महिन्याला २,४०० किलोमीटर. माझ्या मते इथे तुलनाच चुकतेय. पेट्रोलशी लढाई सोपी आहे, खरी लढाई सीएनजीशी. किलोला २५ किलोमीटर धरले तर माझी जुनी गाडी साडेतीन-पावणेचार रुपयांत किलोमीटर जायची. ईव्ही घरच्या विजेवर दीड रुपयात जाते, पण हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगाने युनिटला साडेपाचच किलोमीटर मिळतात आणि बाहेरचा फास्ट चार्जर जीएसटीसकट २२-२४ रुपये युनिट घेतो. म्हणजे झाले चार रुपये! सीएनजीपेक्षा महाग. पहिलं वर्ष मी अर्धं चार्जिंग बाहेर केलं आणि फारसं काही वाचलं नाही. मग मालेगावच्या गोडाऊनमध्ये साधा १५ अँपियरचा पॉइंट काढला. माल उतरवेपर्यंत चार तास गाडी लावून ठेवतो. आता बाहेरचं चार्जिंग दहा टक्क्यांवर आलंय, आणि महिन्याला चार हजार हातात राहतात. सीएनजीच्या रांगेतला वेळ धरला तर आणखी, पण त्याचं बिल मी कोणाला लावू?

ठाणे. ईव्ही, तीन वर्षं

कोणी सोसायटीबद्दल बोलतच नाहीये, म्हणून लिहिते. आमचा मीटर तळमजल्यावर, पार्किंग तिसऱ्या पोडियमवर. केबल, पाइप, एमसीबी (सुरक्षेचा स्विच), मजुरी मिळून ४३,००० रुपये. त्याआधी कमिटीची परवानगी मिळायला पाच महिने. एका काकांचं म्हणणं, "आग लागली तर?" त्याच पार्किंगमध्ये त्यांच्या स्वतःच्या स्कूटरची टाकी गळत होती, ते सोडा. ते पाच महिने बाहेर चार्जिंग केलं आणि पेट्रोल परवडलं असतं असं रोज वाटलं. अजून एक: गाडीचा पॉइंट घरच्याच मीटरवर घेतला तर महिन्याचे दीडशे युनिट वाढतात आणि अख्खं घर ३०० युनिटच्या वरच्या महाग टप्प्यात जातं. पहिलं बिल बघून मी फ्रिजवरच संशय घेतला होता. वेगळा मीटर घ्या.

परभणी. ईव्ही आणि छतावर सोलर

राज्यात पेट्रोल महाग कुठं, तर आमच्याकडं. इंधन मनमाडहून येतं, वाहतुकीचा खर्च आमच्या डोक्यावर. मी घराच्या छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं, सूर्यघर योजनेतून ७८,००० सबसिडी मिळाली. महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट होतात. गाडी दीडशे खाते, बाकी घर. पावसाळ्यात कमी पडतात, पण आधीचे जमा युनिट वळते होतात. आता इंधनाचा खर्च विचाराल तर काय सांगू? ऊन तर आमच्याकडं नको तेवढं आहे. मात्र पुण्याला यायचं म्हटलं की घरची पेट्रोल गाडीच काढतो. बायको म्हणते, चार्जर बंद निघाला तर रात्री कुठं थांबणार? बरोबर आहे तिचं.

रत्नागिरी. ईव्ही होती, आता पेट्रोल

आमचा अनुभव वाईट. पावसात खड्ड्यातला दगड गाडीला खालून लागला, बॅटरीचं आवरण चेपलं. वर्कशॉपने पूर्ण बॅटरी बदलायला सांगितली, अंदाज साडेसहा लाख. विमा कंपनी आधी म्हणाली, हे धरत नाही. सात आठवडे पत्रव्यवहार आणि कोल्हापूरच्या फेऱ्या झाल्या, शेवटी क्लेम मिळाला, तरी ४०,००० माझे गेलेच. पॉलिसी घेताना बॅटरीचं संरक्षण वेगळं लिहून आहे का ते वाचा, मी वाचलं नव्हतं.

कोल्हापूर. सेकंड हँड ईव्ही

वर पुणेकर रडतायत त्या सव्वासहा लाखांच्या गाडीसारखीच मी घेतली की! चार वर्षं वापरलेली, बॅटरीची क्षमता तपासून घेतली, ९१ टक्के निघाली. वॉरंटी माझ्या नावावर होते का ते आधी लेखी घेतलं. पहिल्या मालकाचा घसारा तो माझा नफा. दीड वर्षात टायर सोडून काही खर्च नाही.

मँचेस्टर

इथेही गोष्ट भिंतीच्या प्लगवरच येते. माझ्या दारात गाडी लागते, त्यामुळे रात्रीच्या दरात युनिट सात पेन्सला. मित्र चाळीसारख्या सलग घरांत राहतो, गाडी रस्त्यावर. त्याला मोटरवेवरचा चार्जर ७९ पेन्सला पडतो, म्हणजे अकरा पट. घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के, बाहेरच्यावर २०. शिवाय एप्रिल २०२५ पासून ईव्हीचीही रोड टॅक्समाफी गेली, २०२५-२६ साठी १९५ पौंड भरले. त्याने परत पेट्रोल घेतली, मी त्याला दोष देत नाही.

धागाकर्ता

कोल्हापूरकर, गाडी बघायला पुण्याला आला होतात का? गाडीचं वर्णन ओळखीचं वाटतंय! रत्नागिरीकर, तुमचं वाचून माझी पॉलिसी काढली. बॅटरीचं कलम आहे, पण "खालून आघात" हा शब्द कुठे सापडत नाही. सप्टेंबरमध्ये नूतनीकरण आहे, एजंटला लेखी विचारतो आणि उत्तर इथे टाकतो. ठाणेकर ताई, वेगळ्या मीटरला किती दिवस लागले?