चेंबरच्या बोल्टाचे आटे गेले, गाडी उभी आहे

कास्तकार, दारव्हा

नमस्कार मंडळी. सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे.

माझी १२ वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी आहे. सोमवारी घरीच ऑइल बदलायला घेतलं. सतराच्या पान्यानं चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, बोल्ट सुटला, पण मोकळा फिरेना. प्रत्येक फेऱ्याला करकर करून राहिला होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत चांदीसारखी चमकणारी तार गुंडाळलेली होती, शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा असतो तशी. नखानं ओढली तर चार बोटं लांब निघाली. पोटात गोळाच आला. ती तार म्हणजे चेंबरचे आटे होते.

चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, चुंबक लावून पाहिलं, चिकटत नाही. बोल्ट परत लावला तर सुरुवातीचे दोन आटे धरल्यासारखे वाटतात आणि मग तो नुसता फिरतो. मागच्या वेळी ऑइल एका गॅरेजात बदललं होतं. तिथल्या पोरानं पान्यात हातभर पाइप घालून हा बोल्ट आवळताना मी डोळ्यानं पाहिलं होतं आणि काहीच बोललो नव्हतो. ते आता सलून राहिलं.

एक जण म्हणतो नवा चेंबर टाका. दुसरा म्हणतो टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट लावा, वरून एम-सील थापा, काही होत नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, दर १५ दिवसांनी यवतमाळला दाखवायला न्यावं लागतं, पुढची तारीख ११ दिवसांवर आहे. वेचणीही सुरू झाली, दिवसभर वावरातून निघता येत नाही. खरंच नवा चेंबर लागतो का? की आहे त्यातच दुरुस्ती होते?

संत्रेवाला, वरूड

भाऊ, पहिलं सांगणं हे की गाडी अजिबात हलवू नका, गावातल्या गावातही नाही. टेप लावलेला बोल्ट उभ्या गाडीत थेंबही गळू देणार नाही, कारण चेंबरात ऑइलला दाब नसतो, नुसतं साचलेलं असतं. रस्त्याच्या खडखडीत तोच बोल्ट गळून पडला तर मिनिटाभरात चेंबर रिकामा. ऑइलचा लाल दिवा दाब पडल्यावरच लागतो. तो दिसून तुम्ही गाडी बाजूला घेईपर्यंत आतल्या बेअरिंगांचं व्हायचं ते होऊन जातं.

माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. मी दुकानातून स्वतःच आटे कापत जाणारा जाडा बोल्ट आणला आणि खालून दाबून फिरवला. थोडा तिरपा गेला. वायसर एका बाजूनं टेकला, दुसऱ्या बाजूला कागद जाईल एवढी फट राहिली. दर सकाळी फरशीवर रुपयाएवढा डाग. सरळ करायला म्हणून अजून आवळला तर भोकाच्या कडेला केसासारखी चीर गेली, आणि शेवटी चेंबरच बदलावा लागला. तुम्ही तो मार्ग धरू नका.

लेथवाले काका, हिंगणघाट

भाऊ, घाबरू नोका. ह्या कामाले नवा चेंबर लागत नाही. मी ३१ वर्षं लेथ चालवला, जिनिंगच्या रोलरपासून तं मोटरपंपाच्या शाफ्टपर्यंत सगळं केलं, अन् आटे गेलेले चेंबर किती आले त्याची गिनती नाही.

आधी बोल्टाचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. पट्टी धरून ८ आटे मोजाचे. १२ मिमी भरले तं दीडचा पिच, १० भरले तं सव्वाचा. पुष्कळ छोट्या गाड्यांत हा बोल्ट १४ मिमी जाडीचा अन् दीडच्या पिचचा असते. हे काहून सांगून राहिलो, तं स्पार्क प्लगचा आटा बी बहुतेक गाड्यांत १४ चाच असते, पण सव्वाच्या पिचचा. गॅरेजवाल्यापाशी हेलीकॉइलची, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवाच्या तारेच्या गुंडाळीची, पेटी असली तं ते बहुतेक प्लगचीच असते. तो म्हणन, १४ चीच हाये, टाकून देतो. टाकू देऊ नोका. दीडचा बोल्ट सव्वाच्या कॉइलमंदी दोन फेरे जाते, मंग अडकते, अन् जोर लावला का कॉइलसकट सगळं बाहेर येते.

आता इलाज. एक म्हणजे भोक मोठं करून १६ चा आटा पाडाचा. तुमचं भोक आटे जाऊन १४ च्या आसपास झालंच हाये. साडेचौदाचा ड्रिल फिरवला का १६ × दीडचा टॅप, म्हणजे आटे पाडाचं हत्यार, बसते. काम सोपं, पण बोल्ट मोठा म्हणजे वायसर बी मोठा, अन् त्याले टेकाले भोकाभोवतीची सपाट जागा पुरली पाहिजे. दुसरं म्हणजे बरोबर मापाची हेलीकॉइल. तेही चांगलं काम हाये, पण पेटी महाग अन् तुमच्याकडे लवकर भेटणार नाही.

माहं मत विचाराल तं बुश, म्हणजे आतून-बाहेरून आटे असलेली नळी, टाका. पितळेचा बुश, बाहेरून २० × दीड, आतून १४ × दीड, अन् बाहेरच्या तोंडाले दोन मिमीची कॉलर. चेंबरले साडेअठराचं भोक पाडून २० चा टॅप माराचा, बुशले आटे धरून ठेवणारं लॉकटाइट लावाचं, कॉलर टेकेपर्यंत बसवाचा. तुमचा जुना बोल्ट तसाच चालते. १८ चा बुश करू नोका, आतल्या अन् बाहेरच्या आट्यांच्या मंदात जेमतेम मिलिमीटरभर धातू राहते. पितळ यासाठी का गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगते, पितळ त्याच्या जवळ जाते. रोज गरम-थंड होऊन बुश ढिला पडत नाही. पण पहिले भोकाभोवतीचा उंचवटा किती रुंद हाये ते मोजा. २६-२७ मिमी नसला तं २० चं भोक पाडाचं नाही, मंग १६ चाच इलाज.

अन् चेंबर खाली उतरवा. गाडीखाली निजून ड्रिल सरळ जात नाही, लेथवर अन् उभ्या ड्रिलवर जाते. दुसरं म्हणजे चुरा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं तं पुष्कळसा चुरा चिकटून येते, पण पुष्कळसा म्हणजे सगळा नाही. चेंबर हातात असला का रॉकेलनं धुऊन, फडक्यानं पुसून, बोट फिरवून पाह्यता येते.

टेफ्लॉनचं सांगणाऱ्याले सांगजा, टेपचे धागे तुटून आत गेले का ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. पंपाले मंग ऑइल ओढता येत नाही.

कास्तकार, दारव्हा

काका, एवढं बारीक समजावून सांगितलंत, आभारी आहे. मोजलं. ८ आट्यांत बरोबर १२ मिमी. उंचवटा कॅलिपरनं मोजला, २८ भरला. म्हणजे बुश बसेल. विचारायचं एवढंच की नंतर बोल्ट किती आवळायचा? टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, माझ्याकडे नाही, गावात कुणाकडे असेल असंही वाटत नाही. अंदाजानं आवळायची आता भीती वाटते.

आयटीआय ताई, अमरावती

दादा, मी मुलांना मोटर मेकॅनिक शिकवते, आणि सगळ्यात जास्त वेळ मी याच एका गोष्टीवर घालवते. ऑइल बोल्टाच्या जोरानं अडत नाही, वायसरनं अडतं. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर मऊ असतो, तो दबून दोन्ही बाजूंची बारीक खरबड भरून काढतो. जुना, आधीच दबलेला वायसर परत लावला की थेंब येतो, थेंब आला की माणूस अजून आवळतो, पुढच्या वेळी अजून थोडा. चेंबरचे आटे असे चार-पाच वेळांत मरतात. तुमच्या गॅरेजातल्या पोरानं पाइप लावला तो बहुतेक यामुळेच.

तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तो घ्या. १४ मिमीच्या बोल्टाला साधारण ३० ते ४० न्यूटन मीटर असतो. ३५ धरला तर हिशेब असा: बोल्टाच्या मध्यापासून २५ सेंमीवर पाना धरून काटकोनात १४ किलोचा ओढ दिला की झालं. १४ किलो म्हणजे एका हाताची साधी ओढ, अंगाचं वजन टाकायचं काम नाही. पहिले चार-पाच फेरे पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. फिरले नाहीत तर आटा वाकडा चढलाय, मागे घ्या आणि परत लावा. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंना ठोकळे लावा.

कास्तकार, दारव्हा

झालं काम. इथे कुणी असाच अडकला तर उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

चेंबर उतरवायला पूर्ण सकाळ गेली. सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येत होता, तो सोडावा लागला. चेंबरचे बोल्ट सुटले तरी तो जुन्या सिलिकॉननं असा चिकटलेला होता की हलेना. स्क्रू ड्रायव्हर खुपसावासा वाटत होतं, पण कड खराब होईल म्हणून लाकडाचा तुकडा ठेवून चारही बाजूंनी हळूहळू ठोकला, तेव्हा सुटला. आत तळाला काळ्या गाळाचा थर होता आणि त्या गाळात अ‍ॅल्युमिनियमचे पाच-सहा चमकते कण. म्हणजे चेंबर न उतरवता भोक पाडलं असतं तर माझ्या हातून अजून चुरा पडला असता आणि मला कळलंही नसतं.

यवतमाळला एका लेथवर दिला. काकांनी लिहिलेली मापं कागदावर उतरवून नेली होती. त्या माणसानं कागद पाहिला आणि काही न विचारता पितळेची सळई काढली. दीड तासात बुश तयार. ड्रिल, टॅप आणि बुश मिळून ६५० रुपये घेतले. बुश बसल्यावर बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला. तेव्हा जे वाटलं ते सांगता येत नाही.

घरी येऊन दोन्ही कडा खरवडून पुसल्या, काळ्या सिलिकॉनची बारीक धार दिली. जास्त दिली असती तर आत गोळे पडून तेही जाळीवर गेले असते, म्हणून हात आवरला. २४ तास तशीच ठेवली, मग ऑइल भरलं.

बोल्ट आवळायचं म्हणाल तर, ताईंनी १४ किलो लिहिलं ते वाचताना समोर वेचणीच्या बायांचा कापूस मोजून राहिलो होतो. हातात टांगता काटाच होता. ऑइल भरण्याआधी नवा तांब्याचा वायसर घातला, बोल्ट बोटांनी बसवला, पान्यावर बोल्टापासून २५ सेंमीवर खडूची खूण केली, तिथे सुतळीचा फास घालून काट्याचा आकडा अडकवला आणि काटकोनात ओढत गेलो. काटा १४ वर आला तिथे थांबलो. आईनं विचारलं, गाडीचंही वजन करतोस का?

रात्रभर खाली पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवला होता. सकाळी कोरा. काल दिग्रसला जाऊन आलो, गरम गाडीखाली हात फिरवला, कोरडाच आला. काका, ताई, संत्रेवाले भाऊ, तुमचे फार उपकार झाले. परवा आईला घेऊन निघतो.

लेथवाले काका, हिंगणघाट

लय बरं वाटलं वाचून. एक राहिलंच सांगाचं. पुढच्या टायमाले नवा तांब्याचा वायसर भेटला नाही तं जुनाच चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा अन् पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होते. पोलादासारखं पाण्यानं कडक होत नाही. वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरनं सपाट काचेवर घासून काढजा. अन् आईले नमस्कार सांगजा.