विषय: रेसट्रॅकच्या रस्त्याला टायरमध्ये हवा किती ठेवायची?

आयर्विनहून, सोमवार रात्री

मंडळींनो, नमस्कार.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डेथ व्हॅलीला निघालोय. मुलांना तिथल्या रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तळ्यावरचे सरकणारे दगड बघायचेत. यूबीहीबी विवरापासून पुढे सुमारे 27 मैल कच्चा रस्ता आहे, आणि धारदार दगडांनी टायर फाटतात असं पार्कवाल्यांनीच बजावलंय. फोनला रेंज नाही. गाडी फोर बाय फोर, टायर ऑल-टेरेन एलटी (हलक्या ट्रकचे, सगळ्या रस्त्यांवर चालणारे), दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा दाब 35 पीएसआय. एक जण म्हणतो 15 वर आणा, दुसरा म्हणतो हात लावू नका. बरोबर 72 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यामुळे तिथे जाऊन प्रयोग करायची माझी तयारी नाही. काका, तुम्ही दोनदा जाऊन आलायत ना? नेमका आकडा सांगाल का?

---

पॅसाडीनाहून, मंगळवार सकाळी

अगं, आधी विचारलंस ते फार बरं केलंस. आकडा आधी सांगतो: पुढे 25, मागे 28. मागे जास्त एवढ्यासाठी की दोन दिवसांचं पाणी, तंबू आणि माणसं यांचा भार तिकडेच पडणार. दुसऱ्या गाडीचा आकडा वेगळा निघेल. तिचं वजन आणि तिचे टायर मला कळव. तुझे आकडे तिला लावू नकोस.

आता कारण. लहानपणी आमच्या गावी बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना मी पाहिलंय. ती धाव दगडावर चढली की गाडीतल्या माणसाचे दात वाजायचे, कारण लोखंड काही सोसून घेत नाही. ठासून हवा भरलेला टायर बराचसा तसाच वागतो. अख्ख्या चाकाचं वजन दगडाच्या त्या एका टोकावर येतं आणि टोक रबरात घुसतं. हवा थोडी कमी असली की टायर दगड पोटात घेतो, जमिनीवर त्याचा ठसा लांब पडतो आणि वजन वाटलं जातं. तो रस्ता बराचसा पन्हाळी पत्र्यासारखा आहे, तिथेही गाडीची थरथर यानेच कमी होते.

15 मात्र नको. तो वाळूचा आकडा आहे. वाळूत टायर पसरून तरंगावा लागतो आणि तिथे त्याला कापायला काही नसतं. दगडात तेवढी हवा सोडलीस तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बाहेर फुगते. टायरचा जाड भाग खाली असतो, साइडवॉल पातळ. तळाला भोक पडलं तर प्लग मारून घरी येता येतं. साइडवॉल चिरली तर तो टायर गेलाच. शिवाय खड्ड्यात आपटलं की रिम आणि दगड यांच्यात रबर चिमटतं, आणि 15 च्या खाली टायर रिमवरून सुटायची भीती असते ती वेगळीच.

हवा गार टायरची मोजायची. यात लोक हमखास चुकतात. तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरलं की गेजवर जवळपास 1 उतरतो. डेथ व्हॅलीतलं मुक्कामाचं ठिकाण फर्नेस क्रीक समुद्रसपाटीच्या 190 फूट खाली, तिथे नोव्हेंबरच्या दुपारी हवा उबदार. रेसट्रॅक सुमारे 3,700 फुटांवर, तिथली पहाट गोठवणारी. दुपारी तापलेल्या टायरवर 25 केलेस तर पहाटे 20 च्या आसपास दिसतील आणि तुला वाटेल पंक्चर झालं. म्हणून विवराच्या पार्किंगमध्ये गाडी सावलीला लाव, पोरांना विवर दाखवून आण, मग वॉल्व्हपिनला हात घाल. एका टायरवर किती सेकंदांत किती हवा जाते ते मोजलंस की बाकीचे भराभर होतात.

निघाल्यावर अर्ध्या तासाने थांबून परत मोज. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा चारेक चढले असतील तर बेत जमला. सहाच्या वर चढले तर टायर फार वाकतोय आणि तापतोय, थोडी हवा भर. दोनच चढले तर अजून थोडी सोडता येईल. कागदावरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा, माझ्यासुद्धा, या मोजणीवर माझा जास्त भरवसा आहे.

डॅशबोर्डवर टायरची हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा पेटेल, घाबरू नकोस. स्टिकरच्या आकड्यापेक्षा 25 टक्के कमी झालं की तो पेटायलाच हवा, तसा नियम आहे. पण तो एकदा पेटला की खरं पंक्चर झालेलं तो वेगळं सांगत नाही, म्हणून कान उघडे ठेवा आणि अधूनमधून उतरून टायर बघा.

वेग 15 ते 20 मैल. हवा कमी केली की वेगही कमी, यात तडजोड नाही. स्टेपनी पूर्ण मापाची असू दे आणि तिची हवा घरीच तपास. गाडीखाली टांगलेल्या स्टेपनीकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. कॉम्प्रेसर बॅटरीला चिमटे लावून चालणारा घे.

---

चिनो हिल्सहून, मंगळवार दुपारी

काका, तुमचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी त्या रस्त्याने 35 वरच गेलो आणि चारही टायर शाबूत आले. तुम्हीच म्हणता हवा सोडली की साइडवॉल बाहेर येते. मग दगडाला ती पुढे कशाला करायची? ताई, घरचे लोक बरोबर आहेत, कंपनीने दिलेला आकडा बदलू नका.

---

मस्कतहून, बुधवार पहाटे

मी 2011 पर्यंत आपल्या मंडळात होतो, मंडळाची ही मेल-लिस्ट अजून वाचतो. चिनो हिल्सच्या दादांच्या भीतीत तथ्य आहे, कारण ती माझ्यावर गुदरली आहे. इथे ओमानमध्ये वाहिबाच्या वाळूत 15 वर दोन दिवस मजेत गाडी चालवली. बाहेर पडताना बिदिया गावात हवा भरली. दुसऱ्या दिवशी वादी बनी औफ या डोंगरदरीतल्या दगडी वाटेला लागताना मात्र, ‘कच्चा रस्ता म्हणजे 15’ असं धरून पुन्हा तेवढीच केली. तिसऱ्या वळणावर उजव्या मागच्या टायरची साइडवॉल चिरली. चीर माझ्या करंगळीएवढी, कडा सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ. हवा फुस्स न होता एकदम गेली. गाडीत पाच माणसं, कडेला दरी, आणि जॅक ठेवायला सपाट जागा शोधण्यात तास गेला. बायको मुलांना घेऊन उन्हात उभी होती, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून दगडाला 25 ते 26. हवा सोडतो, पण वाळूइतकी कधीच नाही.

---

पॅसाडीनाहून, बुधवार रात्री

मस्कतकरांनी माझं काम हलकं केलं. दादा, तुझे टायर शाबूत आले याचा आनंदच आहे, पण त्या रस्त्यावर बहुतेक दगड मुठीएवढे, सुटे आणि टोकदार आहेत. ते टायरच्या तळाला भिडतात, साइडवॉलला क्वचित. तळ मऊ हवा म्हणून 35 नको, साइडवॉल आत राहायला हवी म्हणून 15 नको. राहिली साइडवॉलची काळजी, ती चालवणाऱ्याच्या हातात आहे: कडेच्या दगडांना चाक घासू द्यायचं नाही, आणि टाळता येत नसेल तर दगड दोन चाकांमध्ये न घेता सरळ चाकाखाली घ्यायचा, सावकाश.

आणि अगं, रेसट्रॅकच्या पुढे लिपिनकॉटची वाट सलाइन व्हॅलीत उतरते. तिकडे जाऊ नका. तिथले दगड पायऱ्यांसारखे आहेत, तिथला आकडा वेगळा आणि गाडी चालवायची रीतही वेगळी.

---

आयर्विनहून, रविवार रात्री

पोचलो, पाहिलं, सगळे सुखरूप परत आलो. काका, दादा, मस्कतकर, तुम्हा तिघांचे मनापासून आभार.

विवरापाशी गार टायरवर पुढे 25, मागे 28 केले. अर्ध्या तासाने मोजले तर पुढे 29, मागे 32. तो आकडा वाचला तेव्हा माझ्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. दुसऱ्या गाडीचे पुढचे टायर सात चढले होते, त्यात थोडी हवा भरली. जायला दोन तास लागले. टीकेटल जंक्शनला टांगलेल्या किटल्या बघून सासूबाईंना चहाची आठवण झाली, म्हणून तिथेच स्टोव्ह पेटवला. दगड मी सांगून कळणार नाहीत, प्रत्येकामागे वाळलेल्या चिखलात उमटलेली वाट असते. पातळ बर्फाचे थर वाऱ्याने सरकतात आणि दगडांना ढकलत नेतात हे 2014 मध्ये संशोधकांनी दाखवलं, ते मुलाने आजीला तिथे उभं राहून समजावलं.

परत विवरापाशी आल्यावर डाव्या मागच्या टायरच्या खाचेत एक तिकोनी दगड रुतलेला दिसला, टोक आत. माझा हात पुढे होईना. सासूबाईंनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, दगड हलकेच उचकटून बाजूला ठेवला आणि खाली वाकून टायरला कान लावला. आवाज नव्हता. मग आम्ही कॉम्प्रेसर सुरू केला.