हनुमान नावाची रेस कार आणि सयामचा राजपुत्र: कसब की घरचा पैसा?

घाटातला_गिअर

हनुमान जयंतीला आमच्या ग्रुपवर एक फोटो आला. फिकट निळ्या रंगाची, उघड्या चाकांची, लांब नाकाची जुनी रेस कार. खाली लिहिलेलं, ‘हिचं नाव हनुमान’. म्हटलं, आली नेहमीची थाप. पण शोधलं तर खरं निघालं! इंग्लंडच्या ईआरए कंपनीची दीड लिटरची, सुपरचार्जरवाली (इंजिनात जादा हवा कोंबणारी) गाडी. मालक सयामचा, म्हणजे आताच्या थायलंडचा, राजपुत्र चुला, चालवणारा राजपुत्र बिरा. त्यांच्याकडे याच कंपनीच्या आणखी दोन होत्या, रोम्युलस आणि रेमस. टीमचं नाव ‘व्हाइट माउस’, कारण चुलाचं लाडाचं नाव ‘नू’, थाई भाषेत उंदीर.

बिरा म्हणजे बिराबोंग्से भानुदेज. जन्म १९१४, बँकॉक. राजा मोंगकुटचा नातू. शिकायला ईटनला गेला, तिथे असतानाच वडील वारले, आई त्याआधीच गेलेली. पुढे लंडनमध्ये शिल्पकला शिकला. १९३५ च्या जुलैमध्ये एकविसाव्या वाढदिवसाला चुलानं रोम्युलस भेट दिली. त्याच महिन्यात पठ्ठ्या फ्रान्समध्ये दिएपला तिच्यात बसून दुसरा आला. पुढच्या वर्षी मोनॅकोत प्रिन्स रेनिए कप जिंकला. ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लबचा गोल्ड स्टार १९३६, ३७, ३८ असा सलग तीन वर्षं.

एवढं असूनही त्याचं नाव निघालं की लोक ‘तो राजपुत्र ना?’ एवढंच म्हणतात. माझं मत, तो हौशी श्रीमंत नव्हता, अव्वल रेसर होता. मुकुटानं त्याला गाडी दिली खरी, पण रेसर म्हणून मिळायचं ते नाव खाल्लं. बोला.

खवचट_खानोलकर

बोलतो. भेट मिळाली १९३५ च्या जुलैमध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये सयामचा राजा प्रजाधिपोक इंग्लंडात बसून गादी सोडत होता. तीन वर्षांपूर्वी, १९३२ ला, देशात क्रांती होऊन राजेशाहीचे पंख छाटले गेले होते. त्याच्या आधी मंदीत सरकारी नोकरांचे पगार कापले होते. आणि राजघराण्यातला एक जण दुसऱ्याला वाढदिवसाला रेस कार देतोय. तो पैसा कुठून आला हे न विचारता ‘पठ्ठ्या दुसरा आला’ म्हणून टाळ्या वाजवायच्या?

आता खेळाचं बोलू. हे सगळे विजय दीड लिटरवाल्या धाकट्या गटातले. थोरल्या गटात मर्सिडीज आणि ऑटो युनियन होत्या, कॅराच्चिओला, रोझमायरसारखे ड्रायव्हर होते. धाकट्या गटात इंग्लंडमधली सर्वांत चांगली गाडी विकत घ्यायची आणि जिंकायचं, यात कसब किती? पुरावा देतो. चुलानं रेमस विकली ती टोनी रोल्ट नावाच्या पोरानं घेतली. वय अवघं वीस. त्यानं १९३९ ला डॉनिंग्टनला ब्रिटिश एम्पायर ट्रॉफी जिंकली. गाडी तीच, ड्रायव्हर नवा. म्हणजे जिंकत कोण होतं?

घाटातला_गिअर

खानोलकर, वकील चांगले आहात पण साक्षीदार फुटला तुमचा. हा टोनी रोल्ट कोण? युद्धात जर्मनांच्या कैदेत कोल्डिट्झला होता, सुटून आल्यावर पुन्हा रेसिंग केलं आणि १९५३ ला जॅग्वारमधून ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. असा माणूस त्या गाडीत जिंकला तर बिरा सामान्य कसा ठरतो?

पैशानं सगळं मिळत असतं तर डेलाजचं काय झालं ते वाचा. १९३६ मध्ये रिचर्ड सीमननं १९२७ ची जुनी डेलाज दुरुस्त करून ईआरएवाल्यांना धूळ चारली. चुलानं ती गाडीच विकत घेतली, तिच्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. हाती भोपळा. शेवटी पुन्हा ईआरएवरच यावं लागलं.

आणि थोरला गट म्हणता, तर १९३७ ची डॉनिंग्टन ग्रांप्री. पहिले पाचही जर्मन गाड्यांत, सरकारी पाठबळावर बनलेल्या. सहावा बिरा, जुन्या मासेरातीत.

आजोळ_वाईचं

रेसिंगमधलं काही कळत नाही, मी नातं लावत बसले होते. इंग्रजीत सगळीकडे ‘कझिन’ लिहून मोकळे झालेत. वंशावळ पाहिली. बिराचे वडील राजा चुलालोंगकोर्नचे सख्खे धाकटे भाऊ, आणि चुला हा चुलालोंगकोर्नचा नातू. म्हणजे आपल्या हिशोबानं बिरा हा चुलाचा चुलत काका! काका सहा वर्षांनी लहान, आणि पुतण्याच काकाला गाडी घेऊन देतोय. आमच्या वाड्यात अशी एक जोडी होती, काका पुतण्याचे जुने शर्ट घालायचा.

खवचट_खानोलकर

@आजोळ_वाईचं, चुलाचा चुलत काका! नातं नावातच लिहून ठेवलंय की.

@गिअर, सहावा आला हे मान्य. पण मूळ प्रश्नाला बगल दिलीत. ज्याला ती खुर्ची मिळाली त्यानं ती बरी सांभाळली, एवढंच सिद्ध होतं. ज्यांना कधी मिळालीच नाही त्यांच्यात याच्यापेक्षा सरस किती होते हे कोण मोजणार?

रंकाळ्याचा_वारा

हा मुद्दा मला लागला. माझा भाचा इथे कोल्हापुरात कार्टिंग करायचा. हात चांगला होता, ओल्या ट्रॅकवर मोठी पोरं त्याच्या मागे राहायची. पण टायरचा नवीन सेट प्रत्येक वेळी लागतो. ज्यांच्याकडे नवीन सेट ते सरळ पुढे निघून जातात, आपण जुन्या टायरवर वळणावर घसरत बसायचं. दोन सीझनमध्ये मेव्हण्यानं हात टेकले. कार्ट विकली, भाचा आता इंजिनिअरिंगला आहे.

पण म्हणून ज्याच्याकडे नवीन टायर होते त्याला गाडी येत नव्हती असं मी म्हणणार नाही. त्यातली एक-दोन पोरं खरोखर भारी होती. राग टायरचा होता, पोरांचा नव्हता.

पिटलेनचा_पांडू

तुम्ही दोघं चुकीच्या माणसावर भांडताय. यात खरा चमत्कार बिरा नाही, चुला आहे.

त्या काळात खाजगी टीम म्हणजे मित्रमंडळ, ट्रकमध्ये गाडी टाकली आणि निघाले. चुलानं लंडनला हॅमरस्मिथमध्ये पद्धतशीर गॅरेज उभं केलं. फेरीगणिक वेळा लिहून घ्यायच्या, पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टीमच्या जागेतून, फळीवर खुणा दाखवायच्या, कधी रेटायचं नि कधी गाडी जपायची ते पिटमधून कळवायचं. त्याच्याकडे काम केलेला एक मेकॅनिक ‘लॉफ्टी’ इंग्लंड. पुढे हाच जॅग्वारचा टीम मॅनेजर झाला. वर रोल्टची जी ल मान्स सांगितली, त्या दिवशी पिटमध्ये हाच उभा होता.

१९४८ च्या अखेरीस काका-पुतणे वेगळे झाले. त्यानंतरचं बघा. जागतिक अजिंक्यपदाच्या १९ शर्यती, एकूण ८ गुण, एकदाही पहिल्या तीनात नाही. १९५४ ला रॅंसची फ्रेंच ग्रांप्री, बिरा स्वतःच्या मासेरातीत तिसरा चाललाय. शेवटच्या फेरीत पेट्रोल संपत आलं, रोबेर मांझों पुढे गेला, बिरा चौथा. चुला पिटमध्ये असता तर त्यानं पेट्रोल लिटरालिटरनं मोजून भरलं असतं. पैसा तर दोघांकडेही होता, पण वही-पेन्सिल फक्त एकाकडे.

खवचट_खानोलकर

म्हणजे माझंच म्हणणं! गाडी चुलाची, डोकं चुलाचं, हिशोब चुलाचा. बिरानं फक्त स्टिअरिंग धरलं.

घाटातला_गिअर

‘फक्त स्टिअरिंग’ काय! मग तबलजी फक्त चामड्यावर बोटं आपटतो.

पांडूशेठ, तुमचं बरंचसं पटलं, पण वेगळं झाल्यावरचा काळ तुम्ही फार भरभर उरकलात. १९४९ ला रॅंसला दुसरा, त्याच वर्षी इटालियन ग्रांप्रीत तिसरा, दोन्ही चुलाविना. आणि १३ मे १९५०, सिल्व्हरस्टोन, जागतिक अजिंक्यपदाची पहिलीवहिली शर्यत. राजा सहावा जॉर्ज बघायला आलेला. सुरुवातीच्या रांगेत पहिल्या चार जागांवर फारिना, फाजिओली, फांजिओ, पार्नेल, चौघेही आल्फा रोमेओच्या कारखान्याचे, त्यांच्या आसपास कुणी फिरकू शकत नव्हतं. मग पाचवा कोण? एन्रिको प्लातेच्या खाजगी टीमची मासेराती घेऊन आलेला बिरा. आल्फा सोडून तिथे त्या दिवशी जेवढे म्हणून होते त्या सगळ्यांत वेगवान. शर्यत पूर्ण झाली नाही ते सोडा. सरावातली ती एक फेरी वही-पेन्सिलनं मारता येत नाही.

पिटलेनचा_पांडू

सिल्व्हरस्टोनचं विसरलो होतो. ती फेरी त्याचीच. मानलं. पण शर्यत एका फेरीची नसते हो. चुला गेल्यावर वेग राहिला, शर्यती गेल्या. मी यावरून हटत नाही.

आजोळ_वाईचं

मला वेगळीच शंका. रोमच्या दंतकथेतले रोम्युलस-रेमस झाल्यावर एकदम हनुमान कसा? आणि सतत मुलींबरोबर फोटो, अनेक लग्नं, अशा माणसाच्या गाडीला ब्रह्मचाऱ्याचं नाव?

घाटातला_गिअर

ताई, तो आपला मारुती नाही. थाई रामायणाला रामकियेन म्हणतात. त्यातला हनुमान शूर आहेच, पण ब्रह्मचारी अजिबात नाही. मत्स्यकन्या सुवण्णमच्छा सेतूचे दगड पळवायला येते आणि हा तिच्याच प्रेमात पडतो. तिकडे त्याला बायका, मुलं सगळं आहे.

रंकाळ्याचा_वारा

मग नाव गाडीचं नाही, ड्रायव्हरचं ठेवलं होतं.

खवचट_खानोलकर

रेसिंग सोडल्यावर काय केलं तेही सांगा ना. १९५५ ला न्यूझीलंड ग्रांप्री जिंकली, त्याच वर्षी थांबला आणि मग ५६, ६०, ६४, ७२ अशा चार ऑलिंपिकमध्ये शिडाच्या बोटी. पदकाच्या जवळपासही नाही. त्याआधी ५२ ला स्वतःच्या विमानानं लंडन ते बँकॉक. शिल्पं वेगळीच. हेच तर मी म्हणतोय. हौस! गरिबाघरचा रेसर एकाच गोष्टीला चिकटून राहतो, कारण दुसरं काही परवडतच नाही.

टेम्सकाठचा_तात्या

हा धागा काल रात्री वाचला, आज सकाळी नेमका बॅरन्स कोर्टला उतरलो. माझं रोजचंच स्टेशन. फलाटावर जुनी लाकडी बाकं आहेत, पाठीला स्टेशनच्या नावाची मिन्याची पाटी. २३ डिसेंबर १९८५ ला बिरा याच स्टेशनवर कोसळला. हृदयविकार. वय ७१. कोण आहे ते कुणालाच कळेना. खिशात थाई अक्षरांतली एक चिठ्ठी सापडली, ती वाचून घेतल्यावर ओळख पटली.

वर पांडूंनी हॅमरस्मिथचं गॅरेज लिहिलंय. बॅरन्स कोर्टचं पुढचंच स्टेशन ते.

खवचट_खानोलकर

तात्या, हे माहीत नव्हतं. पण वाईट शेवट झाला म्हणून रेकॉर्ड बदलत नाही, हेही लिहून ठेवतो.

टेम्सकाठचा_तात्या

बदलायला कोण सांगतंय. त्याच्यानंतर थाई झेंड्याखाली फॉर्म्युला वनमध्ये पुढचा माणूस आला तो २०१९ ला, ड्रायव्हर अलेक्झांडर अल्बॉन. मधली ६५ वर्षं रिकामी. तुमच्या हिशोबात ती कुठल्या बाजूला मांडायची ते सांगा.

खवचट_खानोलकर

माझ्याच. राजवाड्यातून आला, त्याच्यामागे रस्ता तयार झाला नाही.

घाटातला_गिअर

किंवा तसा वेग पुन्हा सापडायला ६५ वर्षं लागली. जेवून येतो, मग बोलू.