रानतेरडा डोंगरागणिक वेगळा का दिसतो? मापं कशी घ्यावीत?

पावागड_पायथा (बडोदे):
नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी पावागड, सापुतारा आणि महाबळेश्वर इथला रानतेरडा घेतलाय. झाडीतला कंबरेएवढा, रुंद पानांचा. उघड्या कातळावरचा वीतभर, पानं अरुंद. फुलामागची शेपटीही कुठे लांब, कुठे आखूड. किती रोपं मोजू, कोणतं पान धरू? आणि हा फरक बियाण्यातला की जागेचा, हे बडोद्यात राहून कसं ठरवू?

फुलोरा:
आधी जात पक्की करा. तेरड्याची पानं एकाआड एक आणि बोंडावर दाट लव. पानं समोरासमोर असतील तर ती त्याच कुळातली दुसरी जात. ती मापांत मिसळली की पुढचं सगळं गणित वाया.

प्रत्येक ठिकाणी ३० रोपं, एकमेकांपासून किमान ५ मीटर लांब. तेरड्याचं बी उडालं तरी आईच्या (म्हणजे ज्या रोपाचं बी त्या रोपाच्या) आसपासच पडतं, त्यामुळे एका ताटव्यातली दहा रोपं म्हणजे बहुधा दहा भावंडं.

पान नेहमी पहिल्या फुलाच्या लगेच खालच्या पेराचं. ‘सगळ्यांत मोठं पान’ धरू नका, ते रोपाच्या वयावर ठरतं. लांबी आणि रुंदी दोन्ही लिहा. रोप लहान-मोठं असलं तरी त्यांचं गुणोत्तर त्यामानाने कमी हलतं.

खरी चूक होते ती फुलात. तेरड्याचं फूल आधी नर असतं: परागकोशांची टोपी स्त्रीकेसरावर बसलेली असते. ती गळाली की मादी अवस्था सुरू होते. सगळी फुलं एकाच अवस्थेतली घ्या, आम्ही टोपी असलेली घेतो. शेपटी वाकडी असते, तेव्हा व्हर्नियर (बारीक मापाची सरकती पट्टी) सरळ लावलात तर लांबी कमी भरते. बाजूने पट्टीसकट फोटो काढा आणि शेपटीच्या वळणावरून दोरा फिरवल्यासारखी लांबी संगणकावर मोजा. माप ताज्या फुलाचंच. दाबून वाळवलं की आकार जातो. नमुन्यासाठी दोन-तीन फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये वेगळी ठेवा.

कुंडीशास्त्र (बडोदे):
डोंगरावरच्या मापांवरून ‘बियाण्यातला फरक’ असं लिहू नका. सगळ्यांचं बी एका जागी, एका मातीत वाढवल्याशिवाय ते कळत नाही. क्लॉसेन, केक आणि हीसी या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात हेच केलं, १९४० साली छापलं. समुद्रसपाटीजवळ, १४०० मीटरवर आणि ३०५० मीटरवर अशा तीन बागा होत्या. उंच डोंगरावरची रोपं खाली आणली तरी बुटकीच राहिली, म्हणजे बुटकेपणा बराचसा वंशातला. पण तेच रोप तिन्ही बागांत थोडं थोडं वेगळंही दिसलं.

तुमच्यासाठी: प्रत्येक ठिकाणची १० आई-रोपं, प्रत्येकीची ५ रोपं, म्हणजे एकूण १५० कुंड्या. बोंड हिरवं असतानाच जाळीची पिशवी बांधा, पिकल्यावर हात लागताच ते फुटून बी उडतं. बी कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. प्रत्येक आईचं पाकीट वेगळं.

पेरणी जूनच्या पावसाबरोबर. माती २ भाग, वाळू १, कुजलेलं शेणखत १. पाणी साचलं तर खोड जमिनीलगत सडतं. कुंड्या ठिकाणांप्रमाणे ओळीत लावू नका, चिठ्ठ्या टाकून मिसळा. नाहीतर भिंतीच्या सावलीतला फरक तुम्ही सापुताऱ्याच्या नावावर लिहाल.

पावागड_पायथा:
पावागडावर बी मंदिराच्या वाटेजवळ घेतलं तर चालेल का? आणि एकच हंगाम पुरेल?

फुलोरा:
वाटेजवळचं नको. वस्तीजवळ बागेतला तेरडा सुटून रानात येतो. दुपदरी फुलं किंवा एकाच ताटव्यात पांढरा, लाल, जांभळा दिसला तर ती जागा सोडाच.

एका हंगामात आईच्या तब्येतीचा परिणाम उरतो: पोसलेल्या आईचं बी जड, रोप सुरुवातीला जोमदार. म्हणून पेरण्याआधी बी तोलून ठेवा, आणि जमलं तर कुंडीतल्या रोपांचं बी धरून दुसरी पिढीही मोजा. पावागडाजवळच्या जांबुघोडा अभयारण्यातून काही घ्यायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी पावसाळ्याआधीच मागा.