मदत हवी आहे : एकाच डिशमधल्या काही मूलपेशी मेदपेशी होतच नाहीत

नमस्कार मंडळी,

माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशींपासून मेदपेशी तयार करतेय. मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढतात त्या द्रवात, नेहमीचंच त्रिकूट, डेक्सामेथासोन, आयबीएमएक्स आणि इन्शुलिन. दोनेक आठवड्यांनी ऑइल रेड ओ हा चरबी लाल दाखवणारा रंग लावला की लाल थेंबांनी गच्च भरलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसतात, आणि त्यांना अगदी खेटून लांबुडक्या, कोऱ्या करकरीत पेशी. थेंब म्हणून नाही! मीडियम तेच, इन्क्युबेटर तोच, मग शेजारणीचं घोडं अडलं कुठे?

मला समजलेला क्रम असा. पहिल्या दोन औषधांनी सी/ईबीपी-बीटा आणि डेल्टा ही जनुकं चालू करणारी प्रथिनं जागी होतात, ती पीपीएआर-गॅमा हे मेदपेशी घडवणारं मुख्य प्रथिन सुरू करतात, आणि मग पीपीएआर-गॅमा व सी/ईबीपी-अल्फा एकमेकांना चालू ठेवतात. इथवर आलेली पेशी सहसा मागे फिरत नाही. म्हणजे कोऱ्या पेशी त्याआधीच कुठेतरी थांबल्या असणार.

माझा संशय मूळ नमुन्यावर आहे. कोलॅजिनेज या विकराने ऊती सुटी केली की तयार मेदपेशी वर तरंगतात. तळाशी बसतं त्यात मूलपेशींच्या जोडीला रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, रोगप्रतिकारक, अशा नाना पेशी असतात. त्यातल्या डिशला चिकटून वाढतात त्या आपण मूलपेशी धरतो, पण त्या सगळ्या एका पायरीवर थोड्याच असतात? गाइड म्हणतात मीडियममधल्या सिरमची (रक्तद्रवाची) बॅच बदल. बदलली, पुंजके जरा वाढले, बाकी चित्र तेच. रोझिग्लिटाझोन हे औषध घालून बघू का?

प्रतिसाद :

घाला की. ते थेट पीपीएआर-गॅमालाच जाऊन बसतं, मानवी पेशींत फरक पडतो. पण त्याआधी पेरणी, म्हणजे डिशमध्ये पेशी किती दाट टाकल्यात ते तपासा. कोऱ्या पेशी डिशच्या विरळ भागात जास्त आहेत का? ऐसपैस पसरलेली, ताणलेली पेशी हाडाच्या वाटेकडे झुकते, दाटीतली गोल पेशी मेदाकडे. डिश पूर्ण भरू द्या, एकदोन दिवस थांबा, मगच त्रिकुटाचं मीडियम घाला. पॅसेज, म्हणजे पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या फेऱ्या, जास्त झाले असतील तर मात्र कशाचाच फारसा उपयोग नाही.

आणखी एक. भरलेल्या पेशी हलक्या होऊन सुटतात आणि मीडियम काढताना सोबत निघून जातात, त्यामुळे कोऱ्यांचं प्रमाण उगाच जास्त दिसतं. अर्धंच मीडियम बदला, तेही कडेने, हळू. आणि ऑइल रेड ओ तुम्हाला फक्त साठलेली चरबी दाखवणार. पीपीएआर-गॅमाची अँटिबॉडी लावून बघा. कोऱ्या पेशीच्या केंद्रकात ते प्रथिन दिसलं तर ती अडलेली नाही, नुसती मागे आहे.