मदत हवी आहे: कोर्टाने ठरवलेली भरपाई बुडवणाऱ्याला पुन्हा शिक्षा होते का? (अमेरिका)

माझे सासरे न्यू जर्सीत असतात, वय ७४. ओळखीतल्याच एका गृहस्थाने महिना दीड टक्क्याचं गाजर दाखवून त्यांचे ४०,००० डॉलर घेतले. असे आणखी बरेच जण फसले. केस फेडरल कोर्टात गेली, वायर फ्रॉडचा (फोन, इंटरनेट वगैरे वापरून केलेल्या फसवणुकीचा) गुन्हा त्याने कबूल केला, तीन वर्षं आत काढून आता बाहेर आहे. प्रोबेशन ऑफिसरची (सुटलेल्या कैद्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कोर्टाच्या अधिकाऱ्याची) देखरेख चालू आहे. सगळ्यांची भरपाई करायची, हे शिक्षेतच लिहिलंय.

मार्चमध्ये कोर्टाच्या क्लार्ककडून चेक आला: ११ डॉलर ४० सेंट. सासऱ्यांनी रागाने तो फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवलाय. त्यानंतर काहीच नाही. आणि हा माणूस गणपतीत नवीकोरी एसयूव्ही घेऊन आरतीला हजर! गाडी बायकोच्या नावावर आहे म्हणे.

मी वाचलं ते असं: फेडरल कायद्याच्या कलम ३६१४ प्रमाणे जाणूनबुजून भरपाई थकवली तर कोर्ट नव्याने शिक्षा सुनावू शकतं, मुळात देता आली असती त्यातली कुठलीही. मात्र नुसता खिसा रिकामा आहे म्हणून आत टाकता येत नाही.

अर्ज आम्ही करायचा का? आणि तो परत आत गेला तर हे ११ डॉलरही बंद होणार ना? सासऱ्यांना पैसे हवेत. मला, खरं सांगायचं तर, तो आत गेलेला हवाय.

प्रतिसाद:
मी वकील नाही, पण आमच्या घरी हे होऊन गेलंय. अर्ज सरकारी वकील करतात. त्यांच्या वसुली विभागाला आणि प्रोबेशन ऑफिसरला लेखी कळवा, गाडीचा फोटो तारखेसह जोडा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की डिफॉल्ट धरतात. तुरुंगाशिवायही कोर्टाच्या हातात बरंच असतं, हप्ते बदलणं, मालमत्ता विकायला लावणं वगैरे. आत गेला तरी देणं फिटत नाही, सुटल्यावर २० वर्षं मानगुटीवर राहतं.

दुसरं, हुकुमात सासऱ्यांचं नाव असेल तर क्लार्ककडून ‘ॲबस्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’ (निकालाचा अधिकृत गोषवारा) मागून घ्या. राज्यात नोंदवलं की त्याच्या तिथल्या मालमत्तेवर तुमचा बोजा चढतो, आपल्याकडे सातबाऱ्यावर चढतो ना, तसाच. घर बायकोच्या एकटीच्या नावावर असेल तर मात्र वकील गाठा.

आणि तो चेक फ्रीजवरून काढून आधी बँकेत भरा. शिळा झाला की वटत नाही.