'शुक्रवारपर्यंत'ला बाय की अनटिल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी भोसरीला एका लहान कारखान्यात डिस्पॅच बघतो. शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचायला अडत नाही, पण परदेशी ग्राहकाला मेल लिहिताना वेळेचं सांगायचं आलं की हात थांबतो.

गेल्या आठवड्यात लिहिलं, "वी विल सेंड द ड्रॉइंग्ज अनटिल फ्रायडे." म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत पाठवतो. तिकडून विचारणा आली: रोज पाठवणार का, आणि शुक्रवारनंतर बंद का करणार? साहेब म्हणाले, 'बाय' हवं. पण 'वेट अनटिल फ्रायडे' तर बरोबर असतं! आपल्याकडे पाठवायलाही 'पर्यंत' आणि थांबायलाही 'पर्यंत'च.

माझ्या डोक्यात असं बसलंय: थांबणं शुक्रवार येईस्तोवर चालूच राहतं, म्हणून अनटिल. पाठवणं त्याआधी एकदाच उरकतं, म्हणून बाय. बरोबर आहे ना? मग 'नॉट रेडी अनटिल फ्रायडे' कसं चालतं? तयार होणंही एकदाच की.

आणि 'दोन दिवसांत कळवतो'ला 'इन टू डेज' लिहिलं तर चालेल का? उद्या सकाळी एक मेल जायचाय, कृपया सांगा.

उत्तर:

दादा, तुम्ही बरोबर पकडलंय. नकारी वाक्यात चालू राहतं ते 'तयार नसणं'. ते शुक्रवार येईस्तोवर टिकतं, म्हणून अनटिल, आणि वाचणारा शुक्रवारी माल तयार होईल असं धरतो. 'नॉट रेडी बाय फ्रायडे' लिहिलंत तर शुक्रवार उलटला तरी माल तयार नसेल, असा अर्थ होतो. या दोन वाक्यांत गल्लत झाली तर ग्राहक हकनाक चिडेल.

'इन टू डेज कळवतो' म्हणजे सहसा दोन दिवसांनी, परवा. आपल्या 'दोन दिवसांत'ला विदिन लिहा. 'दोन दिवसांत काम संपवलं' असं झालेल्या कामाबद्दल सांगताना मात्र 'इन'च बरोबर. खरा घोळ तिथेच होतो.

'तीन वर्षांपासून'ला सिन्स लावू नका, फॉर लावा. सिन्स '२०२१पासून'सारख्या ठरावीक सुरुवातीला.

उद्याच्या मेलमध्ये बाय फ्रायडेच्या पुढे तारीख आणि भारतीय वेळ दोन्ही टाका. तुमची संध्याकाळ ती त्यांची दुपारही असू शकते.